परसातला काजू: बी वेचण्यापासून गर डब्यात भरेपर्यंत

गावचं बंद घर पुन्हा उघडलं किंवा कोकणात नव्याने घर घेतलं की परसात काजूचं एखादं झाड बहुधा असतंच. फेब्रुवारीत त्याला बोंडं दिसू लागतात, मार्चमध्ये झाडाखाली सडा पडतो आणि नव्या माणसाला प्रश्न पडतो की याचं करायचं काय. बाजारात मिळतो तो पांढरा काजू आणि समोर पडलेली ही राखाडी बी यांच्यात बरंच काम आहे. ते घरच्या घरी होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून करावं असंच ते काम आहे. मात्र कोणी काय करायचं आणि कोणी कशाला हात लावायचा नाही, हे झाडाखाली जाण्याआधी ठरलेलं असावं. काजूच्या टरफलात चीक असतो आणि तो माणूस पाहत नाही.

आधी बी ओळखा

ज्याला आपण फळ समजतो तो रसाळ लाल-पिवळा बोंडू म्हणजे खरं तर फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी. आधी बी वाढते. ती हिरवी, टपोरी, पूर्ण आकाराची होते तेव्हा बोंडू अजून चिमुकलाच असतो. मग बी थोडी आक्रसते, टरफल घट्ट आणि राखाडी होतं, आणि बोंडू भराभर फुगतो. हा क्रम लक्षात राहिला की कधी काढायचं याचा निम्मा गोंधळ मिटतो. हिरवी टपोरी बी ओल्या काजूगरासाठी, राखाडी टणक बी सुक्या काजूसाठी.

टरफलाला दोन कवचं असतात आणि त्यांच्या मधल्या जाळीदार थरात चीक भरलेला असतो. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. काजूचा चीकही तसाच उततो: कातडी काळी पडते, फोड येतात, नंतर साल निघते. काहींना तो लगेच झोंबतो, काहींना एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, त्यामुळे पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्यांना आंब्याचा चीक लागतो, बिब्बा सोसत नाही, त्यांनी बी फोडण्याच्या कामापासून लांब राहावं. त्यांच्यासाठी दुसरी कामं पुष्कळ आहेत.

झाड कुठल्या जातीचं आहे हे कळलं तर चांगलं. जुनी गावठी झाडं बियांपासून उगवलेली असतात आणि त्यांची बी बहुधा बारीक असते. गेल्या काही दशकांत लावलेली कलमं असतील तर ती वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची असण्याची शक्यता मोठी. वेंगुर्ला-४ चा बोंडू लाल असतो. वेंगुर्ला-७ चा बोंडू पिवळा आणि बी मोठी, साधारण १० ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभराच्या आसपास बिया. घरच्या वापरासाठी मोठी बी केव्हाही बरी. फोडायला तेवढेच कष्ट पडतात आणि गर मात्र दीडपट हाती लागतो.

झाडाखालची जागा आवरा

हे काम बिया पडायला लागण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून घ्या. काजूची पानं झडून खाली जाड थर साचतो आणि त्यात बी दिसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या थरात साप, विंचू, इंगळ्या असू शकतात. पाचोळा हाताने उचलू नका, लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढा. खालची झुडपं कोयत्याने साफ करा. झाडाच्या घेरापेक्षा हातभर जास्त जागा मोकळी ठेवा, कारण उतारावर पडलेली बी घरंगळत जाते. ओढलेला पाचोळा जाळू नका. फळं काढून झाली की आळ्यात पसरायला तोच उपयोगी पडतो.

वर नजर टाकून पानं शिवून केलेली घरटी आहेत का पाहा. तांबड्या मुंग्यांची, म्हणजे ओंबिलांची, असतील तर त्या फांदीला हात लावू नका. त्या कडकडून चावतात. पण त्यांना औषध मारून घालवूही नका. काजूचा मोहोर आणि कोवळी बी सुकवणारा ढेकण्या नावाचा किडा आहे, आणि ओंबील असलेल्या झाडावर त्याचा त्रास कमी राहतो.

वेचणी: ओढायचं नाही, पडू द्यायचं

सुक्या काजूसाठी एकच नियम मी सगळ्यांना सांगतो. बी झाडावरून तोडू नका. बोंडू पूर्ण पिकला की बीसकट आपोआप गळतो, आणि गळालेली बी पक्व असते. फांदी हलवली, काठीने झोडपलं तर पिकलेल्यांबरोबर अर्धकच्च्याही पडतात. त्या वाळल्यावर सुरकुततात, आत गर बारीक आणि चिवट निघतो. शिवाय झोडपताना शेजारचा मोहोर झडतो. काजूला एकाच वेळी मोहोर, कोवळी बी आणि पिकलेला बोंडू असं सगळं असतं. म्हणजे आज मारलेल्या काठीने पुढच्या पंधरवड्याचं पीक जातं.

रोज सकाळी वेचा. ते जमत नसेल तर एक दिवसाआड, पण त्याहून उशीर नको. पडलेला बोंडू एका दिवसात आंबायला लागतो, त्याच्यावर माश्या घोंघावतात, आणि ओल्या जमिनीवर राहिलेली बी डागाळते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येण्याची चिन्हं दिसली तर त्या दिवशी संध्याकाळीही एक फेरी मारा. भिजलेली बी काळी पडते आणि गराचा रंग उतरतो.

वेचणी हे मुलांचं काम. त्यांची नजर बारीक असते आणि पाठ दुखत नाही. पायात बूट, हातात लहान टोपली, आणि दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या: बी तोंडात घालायची नाही, दाताने फोडायची तर अजिबात नाही. कच्च्या टरफलाला दात लागला की ओठ आणि जीभ भाजल्यासारखी होतात. अखंड बीला हात लावल्याने सहसा काही होत नाही. धोका फुटलेल्या किंवा चिरलेल्या बीचा. तशी दिसली तर मुलांनी ती जागेवरच सोडायची आणि मोठ्यांना हाक मारायची.

बोंडूपासून बी वेगळी करणं आजी-आजोबांना बसल्या जागी करता येतं. बोंडू एका हातात, बी दुसऱ्या हातात धरून हलका पीळ द्यायचा, बी सुटते. बीच्या बुडाला बोंडूचा गर चिकटून राहिला तर तोही काढायचा, नाहीतर वाळताना तिथे बुरशी धरते. ताणून बांधलेल्या नायलॉनच्या दोरीवर बीचं बूड फिरवलं तर तो सफाईने निघतो. जुने कपडे घालून बसा. बोंडूच्या रसाचा डाग कापडावरून जात नाही.

ओले काजूगर

शिमग्याच्या सुमाराला कोकणातल्या बाजारात ओले काजूगर शेकड्यावर विकायला येतात. किंमत ऐकून नवा माणूस दचकतो. एकदा घरी काढून पाहिले की ती किंमत का, ते कळतं. हे काम नवख्याने पहिल्या वर्षी एकट्याने करू नये. शेजारच्या एखाद्या अनुभवी काकूंना बोलवा, त्यांच्याशेजारी बसून पाहा.

यासाठी मात्र बी झाडावरूनच काढावी लागते. पूर्ण आकाराची, हिरवी, टरफल अजून टणक न झालेली बी हवी. उंचावरची काढायला लांब बांबूला आकडी बांधतात. काठी लावणारा बाजूला उभा राहतो, वर तोंड करून खाली उभं राहायचं नाही, कारण तुटलेल्या देठातला चीक डोळ्यांत पडू शकतो. झाडावर चढू नका. काजूचं लाकूड ठिसूळ असतं आणि वरून मजबूत दिसणारी फांदी आतून किडीने पोखरलेली असू शकते.

फोडण्याआधी बोटांना आणि मनगटापर्यंत खोबरेल तेल चोळा, जवळ चुलीतली चाळलेली राख ठेवा. रबरी हातमोजे वापरले तर उत्तम, पण त्याच्या आतही तेल लावा. आडाळीवर, म्हणजे विळीवर, बी उभी चिरायची, म्हणजे दोन फाका होतात आणि आतला गर दोन दळांत विभागला जातो. टोकदार काडीने गर उचकटून काढायचा आणि वेगळ्या भांड्यात टाकायचा. गराला चीक लागू द्यायचा नाही. दर पाच-दहा बियांनंतर बोटं राखेत घोळवून पुसायची. सगळे गर निघाले की गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचे, वरची साल सुटते, ती सोलून पुन्हा एक-दोन पाण्यांतून धुवायचे आणि शिजवूनच खायचे. ओल्या खोबऱ्याच्या वाटपात केलेली त्यांची उसळ हे कोकणातल्या उन्हाळ्याचं खरं सुख आहे. वाटप जास्त तिखट करू नका, गराची गोडी मरते.

चिरण्याच्या जागी लहान मुलं आणि कुत्रं-मांजर नको. आडाळी, पाट, काडी हे सगळं नंतर राखेने घासून, मग साबणाने धुवा. आडाळीची धार तेल लावलेल्या कापडाने आधी पुसून घेतली तर चीक लवकर निघतो.

चीक लागलाच तर आधी तेलाच्या फडक्याने टिपून घ्या, मग साबण आणि पाणी. पाणी आधी लावून चोळलं तर तो पसरतो. फोड आला तर फोडू नका. डोळ्यात गेला तर बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि थेट डॉक्टर गाठा, घरगुती काही घालू नका.

बोंडूचं काय करायचं

बोंडूचं वजन बीच्या पाच ते आठ पट असतं, म्हणजे पाटीभर बियांमागे बोंडूंचा ढीग जमतो. बहुतेक घरांत तो झाडाखालीच कुजतो, याचं मला फार वाईट वाटतं. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. ताजा, न फुटलेला बोंडू धुऊन, काप करून, मीठ लावून खाल्ला की तो घशाला कमी खवखवतो. सरबत करायचं तर रस काढून त्यात साबुदाण्याची पातळ खळ थंड करून मिसळायची, काही वेळाने तुरटपणाचा गाळ खाली बसतो, वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. साखर, लिंबू घालून त्याच दिवशी प्या. हे सगळं वेचलेल्या दिवशीच व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी तोच रस आंबायला लागतो. गोव्यात त्याच गुणावर हुर्राक आणि फेणी ही दारू होते, पण दारू गाळणं हा परवान्याचा विषय आहे, घरच्या चुलीवर करायचा नाही. उरलेले बोंडू गुरांना थोडे थोडे द्या आणि बाकीचे खताच्या खड्ड्यात टाका.

वाळवण

ताज्या बीत पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या वर असतो. साठवायची तर तो आठ-नऊ टक्क्यांवर यायला हवा. आधी बादलीभर पाण्यात बिया टाका. ज्या बुडतात त्या भरलेल्या, ज्या तरंगतात त्या पोचट. पोचट वेगळ्या काढा, त्या भाजण्यात लाकडं घालवू नका. बुडालेल्या लगेच निथळून खळ्यात किंवा ताडपत्रीवर एकपदरी पसरा. कडक उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. दुपारी एकदा खालवर करा, सूर्य मावळायच्या आत गोळा करून झाका, नाहीतर रात्रीचं दव पुन्हा शोषलं जातं.

वाळली की नाही ते असं पाहा: नखाने टरफलावर दाबलं तर खूण उमटत नाही, आणि मूठभर बिया हलवल्या की खणखणीत आवाज येतो. मग दोन-तीन तास सावलीत गार होऊ द्या. गरम बी पोत्यात भरली तर आत घाम सुटतो. गोणपाटाचं पोतं घ्या, प्लास्टिकचं नको, आणि ते फळ्यांवर, भिंतीपासून थोडं दूर ठेवा. अशी बी पुढचा हंगाम येईपर्यंत टिकते. म्हणूनच कोकणात घाईने भाजत नाहीत. पावसाळ्यात चार माणसं घरात असली की मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, पडवीत, उघड्या बाजूला, लागतील तेवढ्याच भाजतात.

भाजणं: हे फक्त मोठ्यांनी

लेखातला सगळ्यात जोखमीचा भाग हा. तापल्यावर टरफलातलं तेल बाहेर येतं, उडतं आणि पेट घेतं. धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. म्हणून स्वयंपाकघरात, गॅसवर, बंद पडवीत किंवा गच्चीच्या शेडमध्ये हे कधीच करू नका. घरात दमा असलेलं कोणी असेल तर त्या माणसाला त्या वेळी शेजारी पाठवा.

जागा मोकळी हवी. गवताच्या उडवीपासून, लाकडांच्या ढिगापासून, गाडीपासून लांब. उन्हाळ्यात भाजायचं असेल तर सकाळी लवकर, कारण दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो आणि ज्वाळा कुठेही वळते. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट. बाजूला दोन घमेली कोरडी माती किंवा वाळू भरून ठेवा.

तीन दगडांची चूल, त्यावर जुना पत्रा किंवा लोखंडी कढई. ही कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. एका वेळी अर्धा किलोच बी टाका. लांब काठीने सतत हलवत राहा. थोड्याच वेळात टरफलावर तेल सुटतं, चुरचुर आवाज येतो आणि मग बिया पेटतात. इथे घाबरून पाणी ओतू नका. तापलेल्या तेलावर पाणी पडलं की ते चहूकडे उडतं. टरफल सगळीकडून काळं होऊन फुगलं की काठीने कढई वाळूवर कलंडा आणि वरून माती टाकून आग विझवा. नेमकी वेळ कोणी सांगू शकत नाही, ती बीच्या ओलीवर आणि जाळावर अवलंबून. पहिला घाणा मुद्दाम लहान घ्या, त्यातल्या चार बिया फोडून पाहा. गर फिकट आणि मऊ असेल तर कमी भाजलं, तपकिरी आणि कडवट असेल तर जास्त.

फोडणं आणि वाटणी

बी हाताला सोसेल इतकी गार झाली की फोडायला बसा. दगडावर बी कडेवर उभी धरायची, बीच्या पाठीवर लाकडी थापीने बेताचा ठोका द्यायचा, टरफल दुभंगतं. जोर लावला तर गराचा चुरा होतो. हात राखेत घोळवलेले असावेत, कारण भाजल्यावरही टरफलात तेल उरतं. मोठी मुलं हातमोजे घालून हे शिकू शकतात. लहानांना फुटलेला गर वेगळा करायला बसवू नका, त्यांना पुढचं काम द्या: गराची तांबूस साल सोलणं. गर कोमट असताना ती चोळून निघते, चिकट राहिली तर गर तासभर उन्हात ठेवून पुन्हा चोळा. तोपर्यंत चिकाचा संबंध संपलेला असतो. एवढं मात्र पाहा की ज्या लहानग्याने काजू कधी खाल्लेला नाही त्याला पहिल्यांदा अगदी थोडा द्यावा आणि नजर ठेवावी. काजूची ॲलर्जी काहींना तीव्र असते.

किलोभर सुक्या बीतून घरगुती पद्धतीने साधारण पाव किलो गर हाती लागतो. अख्खे, फाका आणि कणी असे तीन वाटे करा. अख्खे पाहुण्यांना आणि मुंबईच्या मंडळींना, फाका भाजी-पुलावाला, कणी लाडवात आणि वाटपात. घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडे भरा. पावसाळी हवेत गर लवकर नरम पडतो, म्हणून एका वेळी महिन्याला पुरतील इतक्याच बिया भाजा आणि बाकीची बी पोत्यातच राहू द्या.

टरफलं चुलीत घालू नका, त्यांचा धूर स्वयंपाकाजवळ नको. ती पोत्यात साठवून ठेवा. त्यांच्यातल्या तेलाला मागणी असते, त्यामुळे जवळच्या काजू कारखान्यात विचारलं तर काही जण घेतात.

हंगाम संपल्यावर

मे अखेरीला झाडाला एकदा नीट पाहून घ्या. वाळलेल्या, एकमेकांत घुसलेल्या आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या कापा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. बुंध्याशी बारीक छिद्रं आणि त्यातून पडलेला लाकडाचा भुसा आणि डिंक दिसला तर खोडकिडा लागला आहे. छिद्र तारेने साफ करून आतली अळी काढा आणि कृषी सहायकाला दाखवून पुढचा उपाय विचारा. हा किडा मुळापर्यंत पोचला तर भरात असलेलं झाड वर्षभरात वाळतं. पाऊस लागला की बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या टोकाखाली, गोल चर खणून त्यात शेणखत घाला आणि हिवाळ्यात ओढून ठेवलेला पाचोळा वर पसरा.